रविवार टाकीतच जातो, तरी पाणी गढूळ!

प्रश्न : मी सकाळी साडेआठला घर सोडते, परतायला रात्रीचे आठ वाजतात. तीस लिटरच्या टाकीत तीन गोल्डफिश आणि काही गप्पी आहेत. दर रविवारी मासे बादलीत काढते, सगळं पाणी ओतून देते, खडी चोळून धुते, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ करते. ऑफिसला जाताना वीज वाचावी म्हणून फिल्टर बंद करते, आणि मासे उपाशी राहू नयेत म्हणून दोन्ही वेळा भरपूर खाद्य घालते. तरी बुधवारी पाणी दुधाळ होतं, अधूनमधून मासेही दगावतात. नोकरी करणाऱ्यांनी टाकी ठेवूच नये का?

उत्तर : नोकरीवर कशाला खापर फोडता? तुम्ही दिवसभर बाहेर असता हे माशांच्या पथ्यावरच पडतंय. घात होतो तो रविवारी.

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. स्पंजवर आणि खडीवर वाढलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी. नायट्रेट थोडं असेल तर मासे निभावून नेतात, आणि पाणी बदललं की तेही कमी होतं. हे जीवाणू फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तुम्ही दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याखाली त्यांना धुऊन लावता! म्हणजे तुमची टाकी कायमच नवी.

फिल्टर चोवीस तास चालू हवा. प्रवाह थांबला की स्पंजमधला प्राणवायू संपतो आणि जीवाणू मरायला लागतात. छोट्या फिल्टरला जेमतेम काही वॅट लागतात. वीज वाचवायचीच असेल तर दिव्यावर वाचवा. सहा ते आठ तास प्रकाश पुरे, जास्त दिलात तर शेवाळ माजेल. दिव्याला टायमर लावा, आणि तो तुमच्या सोयीने. मी रात्रपाळी करते, माझ्या टाकीत सकाळी सातला ‘उजाडतं’ आणि दुपारी दोनला मावळतं. तुम्ही संध्याकाळचे तास ठेवा, घरी आल्यावर मासे दिसायला नकोत का?

खाद्य दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच. माशांना आपल्यासारखं अंग गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही, त्यामुळे त्यांची भूक मुळातच थोडी. धडधाकट मोठा मासा चार-पाच दिवस सहज उपाशी राहतो. गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हाती डबा मात्र देऊ नका, प्रेमापोटी टाकी बुडवतील. मी एकेका दिवसाच्या कागदी पुड्या बांधून देते आणि डबा कपाटात लपवते.

आता रविवारचं काम, अर्ध्या तासाचं. मासे टाकीतच राहू द्या. सायफनच्या नळीने खडीतली घाण ओढत फक्त पाव भाग पाणी काढा. स्पंज महिन्यातून एकदा, तोही त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. तो तपकिरी दिसला तरी चालेल. नव्या पाण्यात अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध) घाला, गारवा हाताला जुन्या पाण्यासारखाच लागू द्या. पाणी रात्रभर ठेवलं की झालं, या भरवशावर राहू नका. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं उडून जात नाही. बादली टाकीसाठी वेगळी ठेवा. माझी निळी आहे, तिला घरात कुणी साबण लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे.

पहिला महिनाभर मात्र बुधवारीही पाव पाणी बदला, खाद्य निम्मं करा आणि अमोनिया-नायट्राइटचं चाचणी किट आणा.

एक कटू गोष्ट : तीस लिटर हे गोल्डफिशचं घर नव्हे. ते वीतभर वाढतात, घाण फार करतात आणि गप्पींची पिल्लंही गिळतात. मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी देऊन टाका, पण तळ्यात किंवा नदीत सोडू नका. किंवा स्वतःच मोठी टाकी घ्या. जास्त पाण्यात बिघाड सावकाश होतो, त्यामुळे नोकरदारांना उलट तीच सोपी जाते.

गप्पी ठेवणार असाल तर फक्त नर ठेवा. मादी एकदा नराजवळ राहिली की नंतर एकटी असली तरी कित्येक महिने पिल्लं देत राहते, आणि ती वाटत फिरायला तुम्हाला वेळ कुठून मिळणार?