'मळाची गाठ' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: मावशीच्या कानातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्टमध्ये 'सेरुमिनस ॲडिनोमा, बिनाइन' असं आलंय. तिला मराठीत काय सांगू? 'मळाची सौम्य गाठ' चालेल का?

शब्द जुळतात, पण मावशीला तसं सांगू नका. 'मळाची गाठ' ऐकलं की तिला वाटणार, मळ साचून साचून गाठ झाली. मग कोमट तेल येईल, केसातला आकडा येईल, शिवाय 'कान कधी साफ करत नाहीस' हे ऐकून घ्यावं लागेल ते वेगळंच.

'सेरुमिनस' आला 'सेरुमेन'वरून, म्हणजे कानातला मळ. त्याच्या मुळाशी लॅटिन 'सेरा' आहे, म्हणजे मेण. त्यांना कानात मेण दिसलं, आपल्याला मळ. (संस्कृत त्याहून परखड: कर्णगूथ. यातल्या 'गूथ'चं मराठी रूप तुम्हाला ठाऊक आहे, लिहीत नाही.) कानाच्या जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या नळीत, बाहेरच्या बाजूला, घामाच्या ग्रंथींचाच एक बदललेला प्रकार असतो. मळ तयार होण्यात त्यांच्या स्रावाचा वाटा असतो. ॲडिनोमा ही या ग्रंथींच्या पेशींची वाढ, साचलेला मळ नव्हे. सुश्रुतानं कानाचे 28 रोग सांगितले, त्यातही कर्णगूथ वेगळा आणि कर्णार्बुद (कानातली गाठ) वेगळा.

आता गंमत 'ग्रंथी'ची. संस्कृत 'ग्रन्थि', प्राकृत 'गंठि', मराठी 'गाठ'. म्हणजे 'ग्रंथीची गाठ' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो, एकदा सोवळ्यात आणि एकदा घरच्या कपड्यांत. सुश्रुताकडे तर 'ग्रंथि' म्हणजे गाठच, एक रोग. स्राव करणारा अवयव हा अर्थ आपण पुढे इंग्रजी 'ग्लँड'साठी त्याच्यावर चढवला. आता तो रुळलाय, मोडायचं कारण नाही.

'सौम्य' मात्र मला खटकतो. ताप सौम्य असतो, भूकंपाचा धक्का सौम्य असतो. आज सौम्य तर उद्या तीव्र, ही शंका त्या शब्दातच आहे. 'बिनाइन' कमीजास्तपणाबद्दल बोलत नाही, गाठीच्या जातीबद्दल बोलतो: ही शरीरात दुसरीकडे पसरणारी नव्हे. त्यासाठी लोकांकडे चांगला शब्द आहे. दवाखान्याबाहेर बाकावर बसलेला माणूस 'साधीच आहे ना?' असं विचारतो, 'सौम्य आहे ना?' असं नाही. फक्त साधी म्हणजे तशीच ठेवायची, असा अर्थ निघू देऊ नका. अशी गाठ पूर्ण काढतात. थोडी राहिली तर पुन्हा वाढू शकते.

एखाद्या जुन्या कागदावर 'सेरुमिनोमा' दिसला तर डॉक्टरांना नीट विचारा. साध्या आणि वाईट दोन्ही गाठींना तो सरसकट लावत, म्हणून आता टाळतात. शब्दाच्या शेवटच्या नुसत्या 'ओमा'वरून काहीच कळत नाही. लायपोमा (चरबीची गाठ) साधा, मेलॅनोमा (त्वचेचा कॅन्सर) वाईट, आणि ग्लॉकोमा (काचबिंदू) तर गाठच नाही.

मावशीला एवढंच सांगा: "कानाच्या नळीत एक ग्रंथी वाढलीय, साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. पण काढावी लागेल. आणि कानात काही घालू नकोस."