आठवीतल्या मुलीने रोज किती इंग्रजी शब्द पाठ करावेत?

तुमची मुलगी मराठी माध्यमात आठवीला आहे आणि शब्दसंग्रह वाढवायला रोज वीस शब्द पाठ करून घ्यावेत की तीस, असं तुम्ही विचारलंय. वीससुद्धा नकोत. प्रश्न वाचून जुनं दुखणं वर आलं, म्हणून लिहायला बसलो.

मी आठवीत असताना दादाने माझ्या हातात डिक्शनरी दिली. ए पासून सुरुवात, रोज वीस शब्द, संध्याकाळी तोंडी परीक्षा. अबँडन, अबेस, अबेट, ॲबेस. ॲबेस म्हणजे ख्रिस्ती मठाची प्रमुख बाई. ही बाई मला आजतागायत भेटलेली नाही. रडतखडत बी पर्यंत पोचलो.

पुढे डिप्लोमाला गेलो. वर्कशॉपचा पहिलाच तास. सर म्हणाले, "जा, बास्टर्ड फाईल घेऊन ये." बी झालेला असल्यामुळे अर्थ चोख पाठ होता, अनौरस! मला वाटलं सरांनी शिवी हासडली. मान खाली घालून गेलो आणि ऑफिसातून हजेरीची फाईल घेऊन आलो. अख्खं शॉप हसलं. सरांनी माझ्या हातात ठेवली ती कानस होती हो, साधी कानस. माझे वडील सुतार. करवतीला धार लावायला बसले की तिकोनी कानस त्यांच्या हातात द्यायचं काम लहानपणापासून माझंच. म्हणजे वस्तू हाताला ठाऊक, शब्द तोंडपाठ, आणि दोघांची एकमेकांशी ओळखच नाही. बास्टर्ड म्हणजे रफ नावाच्या कानशीपेक्षा बारीक आणि सेकंड कट नावाच्या कानशीपेक्षा जाड दात्यांची. हे त्या एका दुपारी कळलं ते कायमचं.

म्हणून सांगतो, मुलीला दिवसाला चार-पाचच शब्द द्या, पण ते तिच्या धड्यातले आणि घरातले. वहीत नुसता अर्थ लिहू देऊ नका, स्वतःचं वाक्य लिहायला लावा. शब्द कुणासोबत नांदतो तेही बघायला शिकवा. आपला चहा कडक असतो, इंग्रजीत तो हार्ड नसतो, स्ट्राँग असतो. मुसळधार पाऊस तिकडे हेवी होतो. शिवाय एक शब्द आला की त्याची भावकी गोळा करायची. आहार, विहार, प्रहार, संहार हे एकाच धातूचे, हे तिला संस्कृतच्या तासाला कळेलच. तसंच इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट आणि स्टेशनवरचा पोर्टर. पोर्ट म्हणजे वाहून नेणं, एवढं कळलं की चारही शब्द एकदम खिशात. आणि तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा विचारायचा. दादा एकदा विचारून पुढच्या पानावर जायचा.

'मराठी अर्थ लिहूच नका, इंग्रजीतून विचार करा' म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. कानस हा शब्द नसता तर मला फाईल कळलीच नसती.

हां, स्पेलिंग मात्र पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही. आणि दहावीच्या कृतिपत्रिकेत आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, अशी साखळी पूर्ण करायला देतात. तिथे पाठांतरवाली पोरं पटकन मार्क घेऊन जातात, हे कबूल. मी मशीन शॉपमधला माणूस, शिक्षक नाही, तेव्हा तिच्या इंग्रजीच्या बाईंनाही विचारा.

दादा अजून म्हणतो, तू झेड पर्यंत गेला असतास तर ऑफिसर झाला असतास. आता त्याचा नातू नववीत आहे, त्यालाही वीस शब्द चालू आहेत. गेल्या दिवाळीत मी त्या पोराला विचारलं, चार्ज म्हणजे काय रे? शुल्क, आरोप, हल्ला, धडाधड म्हणाला. मोबाइल भिंतीला लावून, वायर हातात धरून उभा होता. मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, फराळ घे.