व्ह्यूच्या प्रोजेक्टमध्ये तयार पॅकेजेस वापरावीत की सगळं स्वतः लिहावं?

तुमचा ऑर्डर-बिलिंगचा प्रोजेक्ट व्ह्यू (वेब ॲपची पानं बनवायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) २ वरून ३ वर न्यायचाय, पॅकेजेस (इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड) आडवी येतायत, म्हणून पुढच्या वेळी सगळं हातानेच लिहावं का, असं विचारलंय.

त्या भानगडीत पडू नका. नुसतं तारीख निवडायचं कॅलेंडर लिहायला बसलात तरी कीबोर्ड, मोबाइलचा छोटा स्क्रीन, लीप वर्ष निस्तरताना नाकी नऊ येतील. पॅकेज घ्या, पण ते व्ह्यूला किती चिकटलेलं आहे ते आधी बघा. ग्यानबाची मेख तिथे आहे.

पीडीएफ बनवणारी, एक्सेल वाचणारी पॅकेजेस सहसा साध्या जावास्क्रिप्टची असतात. व्ह्यू कितवा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. खास व्ह्यूसाठी केलेल्यांच्या पॅकेज.जेसन या माहितीच्या फाइलीत मात्र ‘पीअर डिपेंडन्सीज’ (सोबत लागणारी दुसरी पॅकेजेस) खाली व्ह्यूची कोणती आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं. एनपीएम (पॅकेजेस बसवायचं साधन) ७ पासून ती अट जुळली नाही की इन्स्टॉल अडू शकतं, मग लोक ती तपासणी टाळणारा ‘लेगसी पीअर डेप्स’ पर्याय लावून मोकळे होतात. त्याने एरर जातो, अडचण तिथेच राहते. कारण व्ह्यू ३ मध्ये फिल्टर्स (पानावर दाखवताना मूल्याचं रूप बदलणारी फंक्शन्स) काढलेत, कंपोनंटवरच्या (पानाच्या स्वतंत्र तुकड्यावरच्या) व्ही-मॉडेलचा प्रॉप, म्हणजे बाहेरून मूल्य घेणारं नाव, ‘व्हॅल्यू’चा ‘मॉडेलव्हॅल्यू’ झालाय, आणि प्लगइन ‘व्ह्यू.यूज’ऐवजी ‘ॲप.यूज’ने जोडावा लागतो.

मी सोलापुरात टॉवेल-चादरीवाल्यांसाठी असलीच सॉफ्टवेअरं करतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या जुन्या ॲपमध्ये रक्कम लाखांच्या स्वल्पविरामांनी दाखवायला कुणीतरी फिल्टर देणारं पॅकेज लावलं होतं. डझनाचा भाव, कमिशन, येणं बाकी, जिथे रुपया दिसतो तिथे तो फिल्टर. खरं तर हे काम ब्राउझरच करतो. इंटल.नंबरफॉरमॅटला ‘एमआर-आयएन’ दिलं की १२,३४,५६७ असं मराठी अंकांत येतं, ‘ईएन-आयएन’ दिलं की तीच मांडणी इंग्रजी आकड्यांत. (बिलावर शेठना इंग्रजी आकडेच लागतात, हे आधी विचारून घ्या.) चार ओळींचं फंक्शन लिहिलं आणि पॅकेज काढून टाकलं.

कॅलेंडरचं पॅकेज तिथे ठेवलं, पण स्वतःच्या ‘तारीखपेटी’ कंपोनंटमध्ये बंद करून. ऑर्डर असो, डिस्पॅच असो, सगळी पानं तारीखपेटीलाच बोलावतात. मूळ पॅकेजचा इम्पोर्ट एकाच फाइलीत. उद्या ते बंद पडलं तर तेवढी फाइल बदलायची. माझ्या मते व्ह्यूला चिकटलेलं कुठलंही पॅकेज असं गुंडाळल्याशिवाय पानात आणूच नये.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, आधी पीअरमध्ये व्ह्यू असलेली पॅकेजेस वेगळी काढा. ज्यांची व्ह्यू ३ ची आवृत्ती निघालेलीच नाही, ती व्ह्यू २ वर असतानाच बदला किंवा उडवा, आणि मगच उडी मारा. दोन्ही एकदम केलंत तर कशाने मोडलं हे कळणार नाही. मायग्रेशन बिल्ड (व्ह्यू २ ची जुनी पद्धत बरीचशी चालवून घेणारी व्ह्यू ३ ची आवृत्ती) मदतीला आहे, पण व्ह्यू २ च्या आतल्या भागांवर विसंबलेल्या कंपोनंट लायब्रऱ्या त्यावर चालतील असं धरू नका. चालढकलही नको, व्ह्यू २ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२३ लाच संपलाय.

मोमेंट (तारीख-वेळ हाताळणारं पॅकेज) वापरत असाल तर सध्या राहू द्या. नव्या प्रोजेक्टला घेऊ नका असं त्याच्या कर्त्यांनीच २०२० मध्ये सांगितलंय, पण त्याचा व्ह्यूशी संबंध नाही, या बदलात ते आडवं येणार नाही.