‘मागच्या जन्मी मी काय पाप केलं असेल?’

मूल जन्मतः आजारी असलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा आईच तो विचारते. अशाच एका आईबद्दल, तिच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून, लिहिते आहे.

तिच्या बाळाच्या हृदयात जन्मजात दोष होता. शस्त्रक्रिया झाली, बाळ सावरू लागलं. आई मात्र खचत गेली. घरातल्या कुणीतरी ‘हे भोगच असतात’ म्हटलेलं तिच्या मनात रुतून बसलं होतं. आपला हात लागला तर बाळाला पुन्हा काही होईल, या भीतीने ती त्याला उचलूनही घेत नव्हती.

ती रोज गीता वाचणारी. ‘कर्मबिर्म काही नसतं’ असं तिला सांगणं म्हणजे तिचा उरलासुरला आधार काढून घेणं. म्हणून आम्ही अठरावा अध्यायच उघडला. कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं चौदावा श्लोक सांगतो: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, साधनं, नाना हालचाली आणि पाचवं दैव. सोळावा त्यापुढे म्हणतो, असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला खरं दिसत नाही. भाष्यकार इथून आत्म्याच्या अकर्तेपणाकडे जातात, हे मला ठाऊक आहे. पण सगळा दोष एकटीने अंगावर घेणाऱ्या आईलाही हा श्लोक लागू पडतो, असं मला मनापासून वाटतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे पाप बाळाचं?”

हा प्रश्न टाळून चालत नाही. मी तिला चौथ्या अध्यायातलं ‘गहना कर्मणो गतिः’ दाखवलं. कर्माची गती गहन आहे असं जिथे श्रीकृष्णच सांगतात, तिथे अमक्या दुःखामागे तमकं पाप, असा निवाडा नातेवाइकांनी कशाच्या बळावर करावा? डॉक्टरांशीही तिला बोलायला लावलं. अशा अनेक दोषांचं एकच नेमकं कारण सापडत नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकणं गरजेचं होतं.

संचित म्हणजे साठलेलं कर्म, प्रारब्ध म्हणजे त्यातलं आता भोगायला आलेलं आणि क्रियमाण म्हणजे आत्ता आपण करत असलेलं. यांतलं क्रियमाण तेवढं आज हातात असतं. तिच्यासाठी ते म्हणजे बाळाला जवळ घेणं, औषधांच्या वेळा, तपासण्या. सुरुवात दिवसातून थोडा वेळ बाळाला मांडीवर घेण्यापासून केली. रडू अजूनही येतं तिला. पण कुणी भोगांचा विषय काढला, की आता ती सरळ सांगते, “ते तुम्हाला कळत नाही, मलाही नाही. त्याच्या औषधाची वेळ झाली आहे.”