तिकीट नसलेला माणूस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सांस्कृतिक केंद्राच्या स्पर्धेसाठी केलेले तुझे सहाही बोर्ड, म्हणजे रेखाटनांचे फलक, काल पोचले. आधी टेबलावर पसरून पाहिले, मग भिंतीला टेकवून पाहिले आणि शेवटी चष्मा काढून पाहिले. चष्मा काढल्यावर जे उरतं तेवढंच ज्युरीच्या लक्षात राहतं, हे मी वर्गात सांगून सांगून तुम्हाला पिडलंय. उरलं ते तुझ्या इमारतीचं एक मोठं पांढरं वेटोळं, पाण्याच्या काठावर, कलत्या उन्हात. भोवती नेहमीची मंडळी: फुगा घेतलेलं पोर, एक सायकलवाला आणि कसलीच घाई नसलेली एक सडपातळ बाई. या बाईला मी गेली पंधरा वर्षं प्रत्येक स्पर्धेत बघतोय. तिचं वय काही वाढत नाही.

वेटोळं मला आवडलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे बरंच टोचणार आहे.

सहा बोर्डांत मी एका माणसाला शोधत होतो, तो मला सापडला नाही. त्याला नाटक बघायचं नाही, प्रदर्शनात रस नाही, खिशात तिकीट नाही, आणि तरी तो तिथे आलाय. पावसाची सर आली म्हणून आडोशाला आला असेल. कुणाची तरी वाट बघत असेल. किंवा नोकरी सुटलीय, घरी अजून सांगितलेलं नाही आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी बसून काढायचंय. तुझ्या इमारतीत हा कुठे बसणार? सांस्कृतिक केंद्र म्हणून जे काही बांधलं जातं, त्यातलं नवेपण मी आताशा या माणसाच्या अंगाने तपासतो. बाकीचं नवेपण दहा वर्षांत शिळं होतं, तेही मी बघितलंय.

पॅरिसचं पाँपिदू हे कलाकेंद्र घे. १९७१च्या त्या स्पर्धेला ६८१ प्रवेशिका आल्या होत्या, आणि जिंकणारे रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स दोघंही चाळिशीच्या आतले होते. आम्ही तुम्हाला ही इमारत शिकवली ती तिच्या बाहेर टांगलेल्या रंगीत पाइपांवरून. निळे हवेचे, हिरवे पाण्याचे, पिवळे विजेचे, आणि लाल म्हणजे माणसांची ये-जा. परीक्षेत गुण मिळायला तेवढं पुरतं. पण तू आता साइट प्लॅन काढून बघ. मिळालेल्या जागेपैकी जवळजवळ निम्मी त्यांनी मोकळी सोडली आणि तिला इमारतीच्या दिशेने उतार दिला. जागा कमी पडत असताना निम्मी सोडून द्यायची, याला धाडस लागतं. पाइप बाहेर टांगायला त्या मानाने कमी लागतं. त्या उतारावर लोक बसले, आडवे झाले, तोंडातून आग काढणारे खेळवाले आले. आणि दर्शनी भिंतीवरून तिरका वर जाणारा तो काचेच्या नळीतला सरकता जिना! सुरुवातीची वीसेक वर्षं त्यावर कुणीही फुकट चढायचं. चित्रं न बघता नुसतं वर जायचं, शहर बघायचं, खाली यायचं.

२००० साली नूतनीकरण होऊन केंद्र पुन्हा उघडलं, तेव्हापासून त्या जिन्याला तिकीट लागायला लागलं. नळी तीच, जिना तोच. तिकीट नसलेला माणूस तेवढा खाली राहिला.

हे व्यवस्थापनाचं काम, यात आर्किटेक्ट काय करणार, असं तू म्हणशील. थोडं करता येतं. इमारत ताब्यात गेली की महिन्याभरात दाराशी एक टेबल येतं. टेबलामागे खुर्ची, खुर्चीवर वॉचमन, टेबलावर वही. कुठे कुठे बॅग तपासायचं यंत्र. हे टेबल कुठे ठेवायचं हे कुणी बैठक घेऊन ठरवत नाही. वाट जिथे सगळ्यात अरुंद असते तिथे ते आपोआप जाऊन बसतं. तुझ्या तळमजल्यावर ती अरुंद जागा अगदी बाहेरच्या दाराशी आहे, जेमतेम तीन मीटरची. म्हणजे तुझा तो उंच, वरून उजेड झिरपणारा फॉयर, म्हणजे आत शिरल्यावरचं दालन, ज्याला तू ‘शहराची बैठकीची खोली’ म्हटलंयस, तो पहिल्याच महिन्यात टेबलाच्या पलीकडे गेला. बाहेरची बाजू सैल सोड, दोन-तीन ठिकाणी उघड, आणि ती अरुंद जागा मागे घेऊन जा, नाट्यगृहाच्या तोंडाशी. मग टेबलही मागे जाईल.

हेलसिंकीचं ओडी ग्रंथालय २०१८च्या डिसेंबरात उघडलं. त्याचा छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणारं चित्र, अवश्य बघ. शंभर मीटरहून लांब पल्ल्याच्या दोन पोलादी कमानींवर अख्खी इमारत पेललीय, त्यामुळे तळमजल्यावर मधे कॉलम नाहीत आणि तो चौकाचाच पुढचा तुकडा असल्यासारखा वापरता येतो. पुस्तकं सगळ्यात वर. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं आहेत, थ्री-डी प्रिंटर आहेत. समोर देशाची संसद, आणि इथे कुणीतरी पँटची शिवण घालतंय. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला लीना बो बार्दी या वास्तुकार बाईंनी हेच पन्नास वर्षं आधी वेगळ्या तऱ्हेने केलं होतं. तिथलं कलासंग्रहालय, १९६८चं, त्यांनी उचलून वर टांगलं आणि खाली सत्तर मीटरहून लांब जागा एकाही खांबाशिवाय रिकामी ठेवली. तिथे बाजार भरतो, गाणी होतात, मोर्चे जमतात. दोन्हीकडे स्ट्रक्चरची एवढी कसरत केलीय ती जमिनीवरची जागा मोकळी व्हावी म्हणून. तुझ्या वेटोळ्याची कसरत कुणासाठी आहे, हे मला छेदात दिसलं नाही. (सहा बोर्ड आणि एकच छेद! तोही कोपऱ्यात, तळहाताएवढा.)

आता माझीच एक फजिती सांगतो, म्हणजे मी नुसता उपदेश करतोय असं वाटायला नको. माझ्या पहिल्या सभागृहाबाहेर मी काँक्रीटचा एक लांब वळणदार बाक केला होता. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांचे ठसे दिसावेत म्हणून सुताराच्या डोक्याशी बसून करून घेतलेला. मॉडेलमध्ये त्याच्यावर पाच झाडांची सावली होती, काडीला स्पंज लावलेली झाडं. उद्घाटनानंतर दोनेक महिन्यांनी दुपारी चारच्या सुमारास तिकडे गेलो. बाक रिकामा. पश्चिमेचं ऊन सरळ त्याच्यावर, हात लावला तर चटका. आणि पंधरा पावलांवर, जिथे जिन्याच्या भिंतीची सावली पडत होती, तिथे रॅम्पच्या कडेच्या अर्ध्या फुटाच्या कठड्यावर सात-आठ माणसं ओळीने टेकलेली, पाय आखडून. तो कठडा मी काढलाही नव्हता. चाकं घसरू नयेत म्हणून कंत्राटदाराने आपणहून घातला होता. झाडांचं काय झालं? फॉयरचं वक्र छत अंदाजापेक्षा महाग पडलं, म्हणून बिलातून पहिली झाडं गेली. मी सही केली होती. आठवतही नव्हती.

तेव्हापासून वक्र रेषा दिसली की मी हिशेबाला बसतो. सौंदर्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पैसे कमी पडले की कात्री कुठे लागते ते मला माहीत आहे, म्हणून. नाट्यगृहाच्या खुर्च्या कुणी कापत नाही. सावली, बाक, बाहेरचं स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याची जागा, उतरणीचा जास्तीचा टप्पा जातो. नेमकं ज्याला तिकीट लागत नाही तेच. तेव्हा तुझ्या वेटोळ्याची भूमिती काय आहे ते मला कळव. ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ हे उत्तर चालणार नाही.

सिडनीचं ऑपेरा हाउस सगळे छताच्या शिडांसारख्या कवचांसाठी आठवतात. यॉर्न उत्झॉनने १९५७ साली स्पर्धा जिंकली तेव्हा त्या शिडांना भूमिती नव्हती, मुक्तहस्त रेषा होत्या. तरी १९५९ साली बांधकाम सुरू झालं, कारण सरकारला घाई होती. छताचं नक्की व्हायच्या आत खालचा चौथरा चढायला लागला, आणि पुढे छताचं वजन कळल्यावर त्यातले खांब पुन्हा मजबूत करून बांधावे लागले. छताचं उत्तर मिळायला १९६१ उजाडलं, आणि उत्तर होतं अगदी सोपं: सगळी कवचं एकाच गोलाचे तुकडे मानायची, साधारण ७५ मीटर त्रिज्येच्या. गोल एकच म्हटल्यावर वक्रता सगळीकडे सारखी, म्हणजे फासळ्यांचे तुकडे त्याच त्या साच्यांतून पुन्हा पुन्हा ओतता येतात. हे उत्तर मला त्या मूळ स्केचइतकंच सुंदर वाटतं. पण ते पाया खणल्यानंतर आलं. उत्झॉन १९६६ साली काम सोडून गेला, इमारत १९७३ साली उघडली, आणि ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. सिडनीला ते पचलं. तुझ्या नगरपालिकेला पचेल का, हे तू त्यांना विचारलेलं नाहीस.

चिठ्ठीत तू लिहिलंयस की खरं नवं काही करायचं तर बजेटच तसं हवं. हे मला पटत नाही. फ्रान्सिस केरे या वास्तुकाराने आफ्रिकेत बुर्किना फासोतल्या गांदोमध्ये २००१ साली शाळा पुरी केली. भिंती मातीच्या विटांच्या, वर विटांचंच छत, आणि त्याच्यावर सळया वेल्ड करून केलेल्या हलक्या सांगाड्यावर उचलून धरलेला पत्रा. पत्रा तापतो, पण दोन्हींच्या मधून वारा वाहतो आणि गरम हवा निघून जाते. ती वेल्डिंग गावातल्याच माणसांना शिकवता येण्याजोगी होती. लाकातों आणि वासाल ही फ्रेंच वास्तुकारांची जोडी तर त्याच्याही पुढे गेली. १९९६ साली बोर्दोच्या नगरपालिकेने त्यांना एक छोटा चौक सुशोभित करायला दिला. दोघं तिथे जाऊन बसले, राहणाऱ्यांशी बोलले, आणि कळवलं की चौक छान आहे. खडी बदला, झाडांची निगा राखा, झाडलोट जरा जास्त वेळा करा. बस्स. हा प्रस्ताव लिहायला केवढा आत्मविश्वास लागला असेल! पुढे दोघांना आणि केरेलाही प्रित्झकर हे वास्तुकलेतलं मोठं पारितोषिक मिळालं, पण ते मी तुला सांगत नाही, नाहीतर तू पुढच्या स्पर्धेत खडी घेऊन जाशील.

बसायच्या पायऱ्यांबद्दल मात्र थोडं कडक लिहितो. गेल्या वीस वर्षांत एकही ग्रंथालय, एकही संग्रहालय बघितलेलं नाही ज्यात लाकडी फळ्यांच्या रुंद पायऱ्या नाहीत, आणि त्यांच्यावर लॅपटॉप घेतलेली चार मुलं. तुझ्याही दुसऱ्या बोर्डावर आहेत. न्यूयॉर्कला हंटर्स पॉइंट ग्रंथालय २०१९च्या सप्टेंबरात उघडलं, स्टीव्हन हॉल या वास्तुकाराचं. खिडक्यांचे आकार, पाण्यावरचा उजेड, सगळ्यांनी वाखाणलं. पण कथा-कादंबऱ्यांची कपाटं पायऱ्यापायऱ्यांच्या तीन टप्प्यांवर होती आणि तिथे फक्त जिन्याने जाता येत होतं. चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाने कादंबरी कशी निवडायची? दोन महिन्यांत कोर्टात दावा लागला, पुस्तकं हलवावी लागली. ही चूक बांधायच्या आधी छेदावर बोट फिरवलं असतं तरी सापडली असती. तुझ्या पायऱ्यांवर मी बोट फिरवलं. वरच्या गच्चीवर जायला दुसरी वाट नाही.

आणि ते पांढरं आवरण चकचकीत ठेवू नकोस. लॉस एंजेलिसच्या डिस्ने कॉन्सर्ट हॉलचा काही भाग चकचकीत पोलादाचा होता, आतल्या बाजूला वळलेला. त्याने ऊन गोळा करून समोरच्या घरांवर आणि फुटपाथवर फेकलं. २००५ साली ते पत्रे घासून मंद करावे लागले.

पुढच्या आठवड्यात दोन छेद पाठव, १:१०० प्रमाणात, हाताने काढलेले. त्यात दुपारी चारचा सूर्य दाखव आणि पावसाचं पाणी कुठून उतरतं ते दाखव. सडपातळ बाईला रजा दे. तिच्या जागी कुणीतरी बसलेलं काढ, पाठ टेकून.

बोर्ड परत पाठवतोय. तिसऱ्यावर तळमजल्याच्या दाराशी मी लाल पेन्सिलीने एक टेबल आणि एक खुर्ची काढलीय. दार हलवल्याशिवाय खोडू नकोस.

तुझा,
सर