आधुनिक घरांची रचना माणसांच्या प्रत्यक्ष जगण्याला साजेशी असते का?

माझ्या मते अर्धवट. उजेड, पाणी, स्वच्छतागृह यांत आजचं घर जुन्या घराला कधीच मागे टाकून गेलंय, त्यावर वाद नको. गोची होते ती आखणारा माणूस राहणाऱ्याचा दिवस स्वतःच ठरवून टाकतो तेव्हा.

स्वयंपाकघराचंच घ्या. आजच्या बांधीव ओट्या-कपाटांचं मूळ 1926 च्या ‘फ्रँकफर्ट किचन’मध्ये आहे. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी कामाला लागणारा वेळ नि हालचाली मोजून ते बेतलं होतं. साधारण 1.9 बाय 3.4 मीटर, सगळं हाताशी. पण हात एकाच माणसाचे धरलेले. दुसरं कुणी मदतीला आलं की अडचण. आता उलट टोक: भिंतच काढून टाकली. म्हणजे एकीकडे मिक्सर, दुसरीकडे कुणाची तरी मीटिंग, आणि तळणाचा वास थेट पांघरुणापर्यंत. दार ही किती उपयोगी वस्तू आहे हे घरी बसून काम करायला लागल्यावर पुष्कळांना कळलं. (नकाशात मात्र दार नसलं की खोली मोठी दिसते!)

ल कॉर्ब्युझिए या वास्तुकारांनी फ्रान्समधल्या पेसाक इथे त्याच काळात पन्नासेक घरं बांधली. सपाट छतं, लांबलचक आडव्या खिडक्या. राहायला आलेल्यांनी हळूहळू खिडक्या लहान केल्या, गच्च्या बंदिस्त केल्या, काहींनी वर उतरती छपरं चढवली. 2016 साली ही वसाहत जागतिक वारशाच्या यादीत गेली. मला त्यात वास्तुकाराइतकंच श्रेय त्या फेरफार करणाऱ्यांचं वाटतं, कारण घरं तेवढी बदलून घेता आली.

हीच गोष्ट चिलीतल्या इकीके शहरात वास्तुकार अलेहांद्रो आरावेना यांच्या गटाने 2004 च्या सुमारास मुद्दाम केली. अर्धं घर बांधून दिलं: सांगाडा, जिना, न्हाणीघर, स्वयंपाकघर, म्हणजे एकट्या कुटुंबाला जे झेपत नाही ते. उरलेली अर्धी जागा रिकामी. कुटुंबांनी आपापल्या सोयीने भरली. बाहेरून दिसतं ओबडधोबड, पण मला हाच मार्ग पटतो.

तुम्ही घर बघत असाल तर सजवलेल्या नमुना घरावर जाऊ नका. ओले कपडे, प्रवासाच्या बॅगा, झाडू-बादली कुठे जाणार ते विचारा. आणि कुठल्या भिंतींवर भार नाही तेही, म्हणजे पुढे त्या हलवता येतील.