रग्बी लीगच्या खेळाडूला 'सर' व्हायला १३० वर्षं का लागली?

तुमचा प्रश्न असा आहे की २०२५ मध्ये बिली बॉस्टन यांना 'सर' किताब मिळाल्यावर उत्तर इंग्लंडमध्ये एवढा जल्लोष का झाला, आणि त्याआधी रग्बी लीगमधल्या कुणालाच तो खेळासाठी का मिळाला नव्हता. मी बरीच वर्षं लँकेशायरमध्ये राहतो आणि हा खेळ मनापासून पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे टीव्हीवर दिसते ती बहुधा रग्बी युनियन, पंधरा जणांची. लीग तेरा जणांची. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, ती पैशावरून. खाणीत आणि गिरणीत राबणारी पोरं शनिवारी खेळायला गेली की खाडा पडायचा, मजुरी कापली जायची. ती भरून द्या, एवढंच मागणं होतं. युनियनवाल्यांनी ते धुडकावलं, आणि १९९५ मध्ये स्वतः व्यावसायिक होईपर्यंत लीगकडे गेलेल्या खेळाडूला परत दारात उभं केलं नाही. तेव्हापासून लीग हा उत्तरेतल्या कामगार वस्त्यांचा खेळ राहिला आणि युनियन बड्या शाळा-विद्यापीठांचा, लंडनच्या वर्तुळाचा. सन्मानाच्या याद्या बनतात त्या लंडनमध्ये. क्लाइव्ह वुडवर्ड, इयन मॅकगीकन, गॅरेथ एडवर्ड्स, बिल ब्यूमाँट हे युनियनवाले एकामागोमाग 'सर' झाले. लीगवाल्यांची मजल एमबीई, ओबीई, फार तर सीबीई या 'सर'हून खालच्या सन्मानांपर्यंत. हा योगायोग आहे असं मला अजिबात वाटत नाही.

आता बॉस्टन. वेल्समधल्या कार्डिफच्या टायगर बे या गोदीवस्तीत १९३४ चा जन्म, वडील पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे. स्वप्न होतं कार्डिफ क्लबकडून आणि वेल्सकडून युनियन खेळायचं. गोऱ्या पोराला अशा गुणांवर घरी येऊन बोलावलं असतं. यांच्याकडे क्लब फिरकलाच नाही. आले ते विगन या लँकेशायरच्या लीग क्लबचे लोक, १९५३ मध्ये, नोटा घेऊन. हजार पौंड टेबलावर ठेवले. पोरगा हातचा जाऊ नये म्हणून आईने तीन हजार सांगितले. एवढे ऐकून पाहुणे उठतील असा तिचा हिशेब. त्यांनी तीन हजार काढून ठेवले! शब्द दिलेला, सही करावीच लागली. बॉस्टन स्वतः हा किस्सा सांगत आले आहेत.

त्या सहीचं पुढे काय झालं पाहा. विगनकडून ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय. ट्राय म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं, आणि बॉस्टनला तिथवर अडवायला एका माणसाचं काम नसायचं. पहिल्या संघातून मोजकेच सामने खेळले असताना ब्रिटनच्या १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर निवड झाली. अशा दौऱ्यावर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियातला विश्वचषक संपवून संघ परतताना दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनी सामने खेळला. तिथे वर्णभेदाचं राज्य, त्यामुळे बॉस्टन एकटे घरी परतले. संघ मात्र खेळला. मला ही गोष्ट अजून सलते.

१९९६ मध्ये एमबीई मिळालं. विगनमध्ये, वेम्बलीला आणि शेवटी कार्डिफमध्येही पुतळे उभे राहिले. 'सर' व्हायला मात्र १० जून २०२५ उजाडला, वयाच्या नव्वदीत. प्रकृती नाजूक असल्याने यादी जाहीर होण्याआधीच त्यांना बकिंगहॅम पॅलेसमध्ये बोलावून राजाने किताब दिला. त्या वेळी क्रीडाखातं लीसा नंदी यांच्याकडे होतं आणि त्या विगनच्याच खासदार आहेत, वडिलांकडून मूळच्या कोलकात्याच्या.

इतकी घाई का, हे समजलं की जल्लोषही समजतो. नाइटहूड, म्हणजे हा 'सर' किताब, मरणोत्तर देत नाहीत. क्लाइव्ह सलिव्हन यांचं पाहा. तेही कार्डिफचे, जमैकन आईवडिलांचे. ब्रिटनच्या कुठल्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार. १९७२ मध्ये लिऑनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वचषकाची अंतिम लढत १०-१० अशी सुटली, त्यात जवळजवळ अख्खं मैदान धावून त्यांनी ट्राय केला, आणि साखळीतल्या गुणांवर ब्रिटन जगज्जेता ठरलं. त्यानंतर आजवर ब्रिटन किंवा इंग्लंडने तो चषक जिंकलेला नाही. सलिव्हन १९८५ मध्ये कर्करोगाने गेले, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. ते जिथे खेळले त्या हल शहराने आत येणाऱ्या मुख्य रस्त्याला त्यांचं नाव दिलं. सरकारदरबारी एमबीईच्या पुढे काही होणं आता शक्य नाही.

रॉब बरो यांच्या वेळी यंत्रणा वेगाने हलली, हेही सांगायला हवं. लीड्स क्लबचा हा पाच फूट पाच इंची खेळाडू मोटर न्यूरॉन या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने चाकाच्या खुर्चीला खिळला, आणि त्याचा कर्णधार केव्हिन सिनफील्डने या आजाराच्या रुग्णांसाठी धावून धावून लाखो पौंड उभे केले. २०२३ च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये सिनफील्डने त्याला ढकलत आणलं आणि शेवटच्या रेषेपाशी खुर्चीतून उचलून पलीकडे नेलं. जानेवारी २०२४ मध्ये प्रिन्स विल्यम यांनी हेडिंग्ले या लीड्सच्या मैदानावर येऊन दोघांना सीबीई दिलं. जूनमध्ये बरो गेला.

शिफारस कुणीही करू शकतं. अर्ज भरायचा, पाठिंब्याची पत्रं जोडायची, मग समित्या छाननी करतात, त्याला वर्ष सहज जातं. माझ्या मते पुढचं नाव एलरी हॅन्ली यांचं हवं: तीनदा 'मॅन ऑफ स्टील' (इंग्लंडमधल्या लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान), ब्रिटनचे कर्णधार, नंतर प्रशिक्षक. बॉस्टन 'सर' झाले तेव्हा त्यांच्याकडे एमबीईच होतं, आणि त्यांच्यासाठी नव्वदीची वाट पाहू नये.